चांदीच्या दागिन्यात छोटे खडे बसवायला शिकताय? आधी खड्याचं घर नीट बांधा



चांदीच्या पत्र्यापासून साधी अंगठी कशी करायची, ते मागच्या व्हिडिओत दाखवलं होतं. तेव्हापासून एकच प्रश्न परत परत येतोय : "ताई, यात खडा कसा बसवायचा?" खडा बसवण्याचा व्हिडिओ केला आहेच. पण व्हिडिओत हात दिसतात, मापं आणि कारणं निसटून जातात. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितेय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. बीबीए केलेलं, त्यामुळे मार्केटिंग, मार्जिन, ब्रँडिंग सगळं तोंडपाठ. हात मात्र कच्चा. एक शाळेतल्या मॅडम दुकानात आल्या. त्यांच्या अब्बांच्या जुन्या अंगठीतला अकीक त्यांनी रुमालात बांधून आणला होता. अंगठी झिजून तुटली होती, खडा शाबूत होता. "याचं पेंडंट करून द्याल का ताई?" मी लगेच हो म्हटलं. तोपर्यंत मी आठ-दहा खडे बसवले होते आणि मला वाटत होतं की जमतंय आपल्याला.

पेंडंट छान दिसत होतं. फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला. तीन आठवड्यांनी मॅडम आल्या आणि काउंटरवर नुसतं रिकामं घर ठेवलं. बसमधून उतरताना ओढणी अडकली होती, घरी जाऊन बघतात तर खडा नाही. त्या रागावल्या नाहीत. "जाऊ द्या ताई, तुम्ही मुद्दाम थोडीच केलं," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते रिकामं पेंडंट घेऊन मी सराफ्यात जडाईचं काम करणाऱ्या एका वयस्कर काकांकडे गेले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "बेटा, खडा पडला नाही. तू त्याला बसायला जागाच दिली नव्हतीस." घर खड्यापेक्षा मोठं होतं, भिंत बुटकी होती, आणि खडा बसवल्यावर मी मोटरवर पॉलिश करून उरलासुरला काठही झिजवला होता. यातली एकही चूक खडा दाबताना झालेली नव्हती. दोन आधी झाल्या होत्या, एक नंतर.

आजच्या लेखाचा मुद्दा हाच आहे. खडा दाबून बसवणं हे शेवटच्या दहा मिनिटांचं काम आहे. तो टिकणार की पडणार, हे त्याच्या आधीच्या दोन तासांत ठरतं. नवीन माणूस सगळं लक्ष त्या दहा मिनिटांवर देतो आणि तिथेच फसतो.

पहिला खडा कोणता घ्यायचा?

शिकताना ६ मिलीमीटरचा गोल अकीक घ्या. वरून घुमटासारखा, खालून सपाट. याला बाजारात कॅबोशॉन किंवा नुसतं 'कॅब' म्हणतात. पैलू पाडलेला खडा आत्ता नको.

अकीकच का? खड्याचा कठीणपणा मोझच्या मापात १ ते १० असा मोजतात. अकीक साडेसहा ते सातच्या आसपास येतो. आपल्या पोलादी हत्यारांचा कठीणपणाही साधारण तिथेच असतो. म्हणजे हात निसटला तरी खडा वाचायची शक्यता बरी असते. गार्नेट आणि ॲमेथिस्टही चालतील. फिरोजा ५ ते ६, लाजवर्द ५ ते साडेपाच, मॅलाकाइट साडेतीन ते चार, आणि मोती तर अडीच ते साडेचार. यांच्यावर हत्यार घसरलं की ओरखडा पडलाच म्हणून समजा. हे खडे सहा महिन्यांनी हातात घ्या.

आणि हो, अकीक आपल्या भागाला परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून, वीस दिवसांच्या वाटेवरच्या भडोच बंदरात जायचे असं त्यात लिहिलंय. तिथून पुढे ते समुद्रापार. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून या मालाची निर्यात दोन हजार वर्षांपूर्वी चालू होती. आज घासून तयार केलेला अकीक मुख्यतः गुजरातमधल्या खंभातहून येतो आणि पैलूच्या रंगीत खड्यांची मोठी बाजारपेठ जयपूरला आहे.

इथे आपल्याकडच्या एका मोहापासून सावध करते. वेरूळ-अजिंठ्याला गेलात की स्टॉलवर चमकणारे स्फटिक विकायला असतात. हिरवट, पांढरे, गुलाबीसर, फार सुंदर. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेली ही खनिजं आहेत. माझ्या वर्गात दर बॅचला कोणीतरी विचारतंच, "ताई, हेच लोकल खडे दागिन्यात बसवले तर? टुरिस्टला आवडेल." कल्पना चांगली आहे, पण यातलं ॲपोफिलाइट साडेचार ते पाच आणि स्टिल्बाइट साडेतीन ते चार एवढंच कठीण असतं. त्यातही दोन्ही ठरलेल्या दिशेत सरळ चिरतात. तुम्ही काठ दाबायला गेलात की खडा तिथेच दुभंगतो. अंगठीत तर अजिबात नको. फारच हौस असेल तर तारेत गुंफून पेंडंट करा आणि गिऱ्हाइकाला "जपून वापरा" असं सांगूनच विका.

सामान किती लागतं?

कमी लागतं. लोक व्हिडिओ बघून आधी मशीन घेतात आणि मग ती धूळ खात पडते. सुरुवातीला एवढंच पुरे :

- व्हर्नियर कॅलिपर. हा नसेल तर काम सुरूच करू नका.
- दहा पटीचं भिंग.
- छोटा ब्युटेन टॉर्च आणि उष्णता झेलणारी वीट.
- चिमटे, बारीक करवत, सपाट आणि अर्धगोल कानस.
- ऐरण, छोटी हातोडी, गोल सळई.
- टाकणखार आणि तीन प्रकारची चांदीची झाळ : हार्ड, मीडियम, ईझी.
- पुशर, म्हणजे काठ दाबायचा लाकडी मुठीचा पोलादी दांडा. आणि बर्निशर, म्हणजे काठ घोटायचा गुळगुळीत दांडा.
- दागिना घट्ट धरायला लाख लावलेली काठी किंवा लाकडी क्लॅम्प.

झाळ घेताना "कॅडमियम नसलेली द्या" असं स्पष्ट सांगा. कॅडमियमचा धूर फुफ्फुसाला आणि किडनीला घातक असतो. स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको. खिडकी उघडी, डोळ्याला गॉगल, केस बांधलेले, ओढणी बाजूला. एवढं पाळा.

घर बांधणं : खरं काम इथे आहे

खड्याभोवती पातळ चांदीच्या पट्टीची भिंत उभी करायची आणि शेवटी तिचा काठ खड्यावर झुकवायचा. इंग्रजी व्हिडिओत याला बेझल म्हणतात. आपल्याकडे कोंदण हा शब्द आहेच, आणि कारागीर सरळ 'घर' म्हणतात. मला तोच शब्द आवडतो.

माप. पाकिटावर ६ मिमी लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. एकाच पुडीत ५.८ पासून ६.२ पर्यंत खडे निघतात. प्रत्येक खडा कॅलिपरने मोजा आणि दोन बाजूंनी मोजा, कारण गोल दिसणारा खडा बऱ्याचदा पूर्ण गोल नसतो. त्या खड्याचं घर त्याच खड्यासाठी.

पट्टी. शुद्ध चांदीची, ०.३ मिमी जाडीची पट्टी घ्या. ९२५ ची चांदी त्यात तांबं असल्यामुळे ताठर असते, शुद्ध चांदी मऊ असल्याने काठ सहज झुकतो. लांबीचा हिशोब असा : खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. म्हणजे ६ अधिक ०.३, झाले ६.३. त्याला ३.१४ ने गुणलं की १९.८ मिमी. नवीन लोक जाडी मिळवायला विसरतात, मग घर एक मिलीमीटरने कमी भरतं आणि खडा आत जातच नाही.

उंची. खड्याचा घुमट जिथून आत वळायला लागतो, त्याच्या जरा वरपर्यंत भिंत हवी. ३ मिमी उंच खड्याला साधारण दीड मिमी. भिंत बुटकी राहिली तर काठाला धरायला काही उरत नाही. माझ्या त्या पेंडंटची भिंत एक मिलीमीटरसुद्धा नव्हती. उलट फार उंच ठेवली तर काठाला चुण्या पडतात आणि अर्धा खडा झाकला जातो.

जोड. पट्टीची दोन्ही टोकं कानसने अगदी सपाट करा. एकमेकींना टेकवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर झाळ ती फट भरून काढणार नाही, पुन्हा घासा. जोड हार्ड झाळीने करा. झाळेचा तुकडा तांदळाच्या कणीपेक्षा लहान हवा.

खडा आत जातो का? पट्टी सळईवर गोल करा आणि खडा सोडून बघा. त्याने स्वतःच्या वजनाने खाली जायला हवं. ढकलावा लागला तर घर लहान. आत खुळखुळला तर घर मोठं. लहान घर सळईवर हलकेच ठोकून थोडं वाढवता येतं. मोठं घर कापून पुन्हा जोडावं लागतं. "राहू दे, दाबताना बसेल" असं मनात आलं की हात थांबवा. मी तेव्हा नेमकं हेच म्हटलं होतं.

छोटी युक्ती सांगते. खडा सोडून बघताना त्याच्या खालून एक दोरा आडवा घाला, दोन्ही टोकं बाहेर ठेवा. खडा आत अडकला तर दोरा ओढून काढता येतो. नाहीतर तुम्ही सुई घालून काढायला जाता आणि घराचा आकार बिघडतो.

तळ. आता हे घर अर्धा मिमी जाडीच्या ९२५ च्या पत्र्यावर मीडियम झाळीने जोडा. ज्योत भिंतीवर धरू नका. पातळ भिंत आधी तापते आणि बघता बघता वितळते. शुद्ध चांदी साधारण ९६२ अंशांना वितळते, ९२५ ची तर ८०० अंशांच्या आसपासच वितळायला लागते. हार्ड झाळेला साडेसातशेच्या आसपास उष्णता लागते. अंतर किती कमी आहे बघा. म्हणून पत्रा खालून आणि बाजूने तापवा. झाळ उष्णतेच्या दिशेने पळते, ती आपोआप कडेने फिरेल.

अंगठीचा गोल शेवटी ईझी झाळीने. हार्ड, मीडियम, ईझी हा क्रम का? प्रत्येक पुढची झाळ आधीच्यापेक्षा कमी उष्णतेला वितळते, त्यामुळे नवा जोड करताना जुना सुटत नाही.

साफसफाई आणि पॉलिश, खडा बसवण्याआधी. काळा थर काढायला कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड चालतं. वेळ जरा जास्त लागतो, पण घरात काम करणाऱ्यांसाठी तेच बरं. कोणी तीव्र ॲसिड वापरत असेल तर एक नियम : आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीही नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा. आणि पॉलिश आत्ताच उरकून घ्या. खडा बसल्यावर फक्त हलका हात फिरवायचा. माझी तिसरी चूक इथली होती.

लक्षात ठेवा, एकदा खडा बसला की ज्योत बंद. खड्यासकट झाळकाम नाही म्हणजे नाही. अकीकसुद्धा अचानक तापला की तडकतो.

शेवटची दहा मिनिटं

दागिना लाखेत किंवा क्लॅम्पमध्ये घट्ट धरा. खडा घरात सरळ बसलाय का, ते भिंगातून बघा. खाली खोल जात असेल तर तळाशी बारीक तारेचं कडं ठेवून त्याला उंच करा. कागद किंवा कापूस घालू नका, त्यात पाणी मुरतं.

आता पुशर घ्या. घड्याळाची तबकडी डोळ्यासमोर आणा. आधी १२ वर थोडं दाबा, मग समोर ६ वर. मग ३, मग ९. त्यानंतर मधल्या तिरक्या जागा. प्रत्येक वेळी समोरासमोर, आणि एका दाबात थोडंसंच.

गोल फिरत का नाही दाबायचं? कारण काठाची चांदी कुठे नाहीशी होत नाही. एका दिशेने दाबत गेलात तर ती पुढे पुढे सरकते आणि शेवटच्या जागी एक मोठी सुरकुती होऊन बसते. शिवाय पहिल्याच दाबात खडा एका बाजूला कलतो. समोरासमोर दाबलं की खडा मधोमध राहतो आणि जास्तीची चांदी सगळीकडे सारखी वाटली जाते.

काठ सगळीकडे टेकला की बर्निशरने घोटा. अंगठा दागिन्यावर टेकवून ठेवा. ज्या हातात हत्यार आहे त्या हाताला आधार नसेल तर ते घसरणारच.

मग परीक्षा घ्या

माझ्या दुकानातून खडा बसवलेला कुठलाही दागिना या चार परीक्षा दिल्याशिवाय बाहेर जात नाही :

१. कानाजवळ धरून हलवा. टिक-टिक ऐकू आली तर नापास.
२. लाकडी टूथपिकने खडा चारही बाजूंनी ढकला. जरासुद्धा हलला तर नापास.
३. भिंगातून काठ बघा. खडा आणि चांदीमध्ये काळी रेघ दिसली तर तिथे फट आहे.
४. जुन्या ओढणीवर किंवा स्वेटरवर दहा वेळा ओढा. धागा अडकला तर नापास. आज धागा अडकतोय, उद्या खडा जाईल.

चौथी परीक्षा मला मॅडमच्या ओढणीने शिकवली.

३ मिलीमीटरच्या खड्याकडे कधी जायचं?

६ मिमीचे सलग दहा खडे चारही परीक्षांत पास झाले की ४ मिमीचा कॅब घ्या. तो जमला की ३ मिमीचा पैलूदार खडा. एवढ्या छोट्या खड्याला पट्टी वळवत बसण्यापेक्षा चांदीची तयार नळी वापरणं सोपं. नळीचं बाहेरचं माप साडेतीन ते चार मिमी, आतलं अडीचच्या आसपास. म्हणजे खडा नळीच्या आतल्या भोकापेक्षा मोठा हवा आणि बाहेरच्या मापापेक्षा लहान.

नळी आधी दागिन्याला झाळून घ्या. मग खड्याच्याच मापाच्या बरने, म्हणजे ३ मिमीच्या खड्याला ३ मिमीच्या बरने, नळीच्या तोंडात बैठक कोरा. थोडं कोरा, खडा ठेवून बघा, पुन्हा थोडं कोरा. पैलूदार खड्याचा सगळ्यात रुंद भाग म्हणजे त्याची कंबर. ही कंबर नळीच्या काठाच्या किंचित खाली, अर्ध्या मिमीच्या आत, बसली पाहिजे. जास्त कोरलं तर खडा बुडतो आणि निस्तेज दिसतो. कमी कोरलं तर काठ कंबरेवरून वळतच नाही. नळीची भिंत पट्टीपेक्षा जाड असल्याने दाबायला जोर लागतो. म्हणून आधी मोठ्या खड्यांवर हात बसलेला हवा.

नथीचं विचारणाऱ्यांसाठी : नथीतले मोती आरपार भोक पाडून तारेत ओवतात, घरात बसवत नाहीत. ते वेगळं काम आहे, त्याचा वेगळा व्हिडिओ करू.

आता धंद्याचं बोलू

शिकायला किती खर्च येईल, असं सगळे विचारतात. पहिली दहा घरं तांब्याच्या पत्र्यात करा, काचेचे कॅब वापरा. तांबं चांदीइतकं मऊ वळत नाही, पण माप, करवत आणि झाळकाम शिकायला उत्तम. पुढची दहा चांदीत. ती विकायची नाहीत. बिघडलेली चांदी फेकून जात नाही, डबीत साठवा आणि गाळायला द्या. झाळ मिसळल्यामुळे थोडी घट धरतील, पण बहुतेक पैसे परत येतात. म्हणजे शिकण्याचा खरा खर्च चांदीचा नसून तुमच्या वेळेचा आहे.

किंमत लावताना लोक चांदी अधिक खडा अधिक "काहीतरी मजुरी" असं करतात. तसं करू नका. एका अंगठीचा नमुना हिशोब देते. आकडे समजण्यापुरते आहेत, चांदीचा त्या दिवसाचा भाव घालून तुमचा हिशोब करा.

- चांदी ५ ग्रॅम, ग्रॅमला १५० रुपये धरून : ७५०
- घासण्यातली आणि कापण्यातली घट : ४०
- खडा : ६०
- झाळ, गॅस, पॉलिश : ५०
- अडीच तास काम, तासाला १२० प्रमाणे : ३००
- डबी आणि पिशवी : २५
- एकूण : १,२२५
- दुरुस्ती आणि परत येणाऱ्या मालाची तरतूद : १००
- नफा, साधारण ३० टक्के : ४००
- विक्रीची किंमत : १,७२५

जीएसटी नोंदणी असेल तर यावर ३ टक्के वेगळे. आपल्या राज्यात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. पण दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, सीएला विचारून घ्या.

त्या यादीतले तरतुदीचे १०० रुपये बघितलेत? बीबीएच्या पुस्तकात याला वॉरंटी कॉस्ट म्हणतात. ते पैसे बाजूला असले की गिऱ्हाईक सैल खडा घेऊन आलं तर तुम्ही कपाळाला आठ्या न घालता हसून दुरुस्त करून देता. नसले की वाद घालता. वाद घातलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि गुलमंडीपासून सिडकोपर्यंत सगळ्यांना सांगतं.

खरं तेच सांगून विका

बिलावर खड्याचं खरं नाव लिहा. अमेरिकन डायमंड असेल तर तसं लिहा. अकीक बऱ्याचदा तापवून किंवा रंगवून गडद केलेला असतो. 'ग्रीन ऑनिक्स' म्हणून येणारा हिरवा खडा बहुधा रंगवलेलाच असतो. फिरोजा म्हणून रंगवलेला पांढरा हाउलाइट विकला जातो. रंगवलेला खडा विकण्यात गैर काही नाही, लपवण्यात आहे.

चांदीचं हॉलमार्किंग हा लेख लिहिताना तरी ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक देणं सुरू झालंय. हॉलमार्क हवा असेल तर बीआयएसकडे नोंदणी करून मान्यताप्राप्त केंद्रातून तपासून घ्यावं लागतं. स्वतःच ९२५ चा ठसा मारला म्हणजे हॉलमार्क झाला असं नाही. आणि झाळ भसाभस वापरलीत तर तपासणीत दर्जा उतरतो, हेही ध्यानात ठेवा.

मदत कुठे मिळेल?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. हाताने हे काम स्वतः करणाऱ्यांसाठी ती आहे, घरातल्या एकालाच मिळते. आपल्या शहरातच महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आहे, १९८८ पासून. खडा बसवायला ते शिकवणार नाहीत, पण प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उद्योग उभारणीच्या प्रशिक्षणासाठी तिथे चौकशी करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आणि हात शिकायचा असेल तर सराफ्यात एखाद्या जडाईवाल्यांच्या शेजारी बसा. सगळेच शिकवतील असं नाही. मी काकांकडे पहिले चार दिवस नुसती बसून होते. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कानस दिली.

गिऱ्हाइकाचा स्वतःचा खडा

विकत आणलेला खडा हरवला तर दुसरा आणता येतो. गिऱ्हाइकाने आणलेला खडा बहुतेक वेळा कोणाची तरी आठवण असतो. म्हणून माझा नियम : चांदीत वीस घरं पास झाल्याशिवाय कोणाचा खडा हातात घ्यायचा नाही. घेतला तर त्यांच्यासमोर मोजायचा, फोटो काढायचा, आधीची तडा-चीर दाखवायची, कागदावर लिहून सही घ्यायची. आणि काम झेपणारं नसेल तर "हे माझ्याकडून नको, मी तुम्हाला चांगल्या कारागिराकडे पाठवते" असं सांगायचं. त्या दिवशी हे वाक्य मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमना मी नंतर खंभातहून तशाच रंगाचा अकीक मागवून नवं पेंडंट करून दिलं, पैसे न घेता. त्या ते घालतात, दुकानातही येतात, मैत्रिणींना पाठवतात. पण तो खडा अब्बांचा नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

या आठवड्याचा गृहपाठ : एकाच पुडीतले ६ मिमीचे दहा खडे कॅलिपरने मोजा आणि प्रत्येकासाठी पट्टीची लांबी काढून वहीत लिहा. त्यातल्या एकाचं घर तांब्यात करा, खडा बसवू नका. फक्त दोरा घालून सोडा आणि तो स्वतःच्या वजनाने खाली जातो का बघा. नाही गेला तर दुसरं घर करा. पाच-सहा तरी बिघडतील, माझी तर जास्त बिघडली होती.

पुढच्या व्हिडिओत पुशर आणि बर्निशर कसं धरायचं ते जवळून दाखवते. तोवर हात चालू ठेवा.